संगणकाच्या दारावरची परवल

(कफ परेड येथील मच्छीमार नगरात, अभ्यासिकेला मिळालेला संगणक मुलांसाठी खुला करण्याच्या प्रसंगी केलेले भाषण.)



निमंत्रण देण्यासाठी कार्यकर्ते घरी आले, तेव्हा ‘संगणकाचे महत्त्व’ या विषयावर मी अर्धा तास बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. मी नम्रपणे नकार दिला. संगणकाचे महत्त्व आता कोणाला पटवून द्यावे लागत नाही आणि पुढे बसलेली ही मुले त्या बाबतीत मलाच चार गोष्टी शिकवतील. शिवाय मी कला शाखेचा पदवीधर. महाविद्यालयात मराठी आणि इतिहास शिकलो आणि सारे आयुष्य वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत काढले. संगणक माझ्या वाट्याला आला तो एक सहकारी म्हणून, आणि तोही काहीसा लहरी. तेव्हा त्याच्या पराक्रमाविषयी मी बोलणार नाही. बोलणार आहे ते त्याच्या दाराविषयी.

कार्यक्रमाआधी अर्धा तास येऊन मी समोरचे हे यंत्र सुरू करून पाहिले. ज्या कचेरीने ते आपल्याला दिले, तिने आपली माहिती पुसून, सगळे स्वच्छ करून दिले आहे. त्याबद्दल तिचे आभारच मानले पाहिजेत. यंत्रावर एकच खाते आहे. त्याचे नाव ‘युजर’. त्याला परवलीचा शब्द नाही. कळ दाबली की पडदा उजळतो आणि समोर जो बसला असेल त्याच्यापुढे सगळे यंत्र उघडे होते. अभ्यासिकेच्या वहीत तीसेक मुलामुलींची नावे आहेत. सायंकाळी त्यांचे आईवडील, सोसायटीचे पदाधिकारी अर्ज भरण्यासाठी येणार. म्हणजे माणसे पन्नास आणि यंत्राच्या लेखी सगळी मिळून एकच. मी हे बोलून दाखवले, तेव्हा एक तरुण कार्यकर्ता सहज म्हणाला, “सर, सगळी आपलीच माणसं आहेत. पासवर्ड कशाला?”

प्रश्न मनापासूनचा होता, म्हणून तो हसण्यावारी नेता येणार नाही. मात्र त्याचे उत्तर देण्यासाठी मला पंचवीस वर्षांहून अधिक मागे जावे लागेल.

१९९९ साल. मी एका दैनिकात उपसंपादक होतो. पाने संगणकावर लागू लागली होती, पण संगणक मोजकेच होते. रात्रपाळीला पान लावण्यासाठी एक यंत्र आणि त्यावर आलटून पालटून बसणारे आम्ही चौघे. त्या काळी विंडोज अठ्ठ्याण्णव ही प्रणाली होती. यंत्र सुरू केले की नाव आणि परवलीचा शब्द विचारणारी एक चौकट येई खरी, पण एस्केपची कळ दाबली की ती मुकाट्याने बाजूला होत असे. दारावर पहारेकरी उभा आहे, आणि नुसती मान हलवली की तो वाट सोडतो, असा तो प्रकार. आम्हाला त्यात काही वावगे वाटले नाही. सगळी आपलीच माणसे होती.

एका रात्री श्रद्धांजलीच्या मजकुरात नाव बदलले गेले. दिवंगत थोरल्या भावाच्या छायाचित्राखाली हयात असलेल्या धाकट्या भावाचे नाव छापले गेले. सकाळी ते गृहस्थ स्वतः, अंक हातात घेऊन, कचेरीच्या पायऱ्या चढून आले. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. चौकशी झाली. पानाची फाइल रात्री उशिरा, पान तपासून झाल्यावर, कोणीतरी पुन्हा उघडून साठवली होती, एवढे यंत्राने सांगितले. ती कोणी उघडली, हे यंत्राला ठाऊक नव्हते. ते त्याला कोणी सांगितलेच नव्हते. आम्हा चौघांत एक अक्षरजुळणी करणारा तरुण होता, हंगामी, सर्वांत कनिष्ठ, लालबागहून येणारा. “शेवटी तूच बसला होतास ना?” असे त्याला विचारण्यात आले. तो “नाही” म्हणाला. पण आपण नव्हतो हे तो दाखवणार कसे? आठवड्याभरात त्याचे काम सुटले.

त्या रात्री त्या यंत्रावर मीही बसलो होतो. त्या पानाला मी हात लावला नव्हता, असे मला वाटते. वाटते, एवढेच मी म्हणू शकतो. त्या वेळी मी तेवढेही म्हटले नाही. माझी नोकरी कायम होती.

मित्रहो, परवलीचा शब्द म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे चोर येतो. माझ्या डोळ्यांपुढे तो मुलगा येतो. कुलूप चोराला बाहेर ठेवण्यासाठी असते, हे खरेच. परंतु प्रत्येकाचे दार वेगळे असते, तेव्हा आणखी एक गोष्ट साधते. एकाने केलेले दुसऱ्याच्या अंगाला चिकटत नाही. आणि ‘आपल्याच माणसां’त जेव्हा काही बिघडते, तेव्हा बोट नेहमी सर्वांत दुबळ्याकडे वळते, किंवा ज्याला यंत्रातले थोडे अधिक कळते त्याच्याकडे. उद्या या अभ्यासिकेतील कोणाच्या अर्जात खाडाखोड झाली, तर प्रथम कोणाकडे पाहिले जाईल, हे मघाचा आपला तरुण कार्यकर्ता आत्ताच ओळखू शकेल. संगणक दुरुस्त करतो तोच.

एका यंत्रावर अनेक माणसे हा प्रश्न काही आपल्याच अभ्यासिकेपुढे प्रथम आलेला नाही. येथून जवळच, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या देशात घडवलेला पहिला मोठा संगणक १९६० मध्ये कामाला लागला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. अशा यंत्रांवर एका वेळी एकाचेच काम चाले. पुढचा आपली पाळी येईपर्यंत थांबे. ‘तू कोण?’ असे यंत्राने विचारण्याचे कारणच नव्हते. त्याच सुमारास, १९६१ मध्ये, अमेरिकेतील एमआयटीत फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच संगणकावर अनेकांना एकाच वेळी काम करता येईल अशी व्यवस्था उभी केली. प्रत्येकाच्या फायली एकाच यंत्राच्या पोटात. मग कोणाचे काय, हे वेगळे ठेवायचे कसे? म्हणून त्यांनी प्रत्येकाला खाते आणि परवलीचा शब्द दिला. संगणकावर परवलीचा शब्द आला तो असा, वाटून घेण्यातून.

मुलांनो, पुढचे तुमच्यासाठी. त्या यंत्रावर प्रत्येकाला आठवड्याला ठरावीक तास मिळत. ॲलन शेर नावाच्या एका संशोधकाला ते पुरेनात. १९६२ मध्ये त्याने यंत्राकडूनच सगळ्यांच्या परवलीच्या शब्दांची फाइल छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या नावावर काम केले! आपण हे केल्याची कबुली त्याने सुमारे पंचवीस वर्षांनी दिली. परवलीचा शब्द जन्मल्याला वर्ष उलटते न उलटते, तोच त्याची चोरीही झाली, आणि तीही अधिक वेळ संगणकावर बसायला मिळावे म्हणून. तुमच्यापैकी कोणाला ही कल्पना नवीन नसेल, याची मला खात्री आहे.

परवलीच्या शब्दाचा धाकटा भाऊ म्हणजे पिन. येथे एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्या देशात पिन हा शब्द घरोघर पोहोचला तो बँकेमुळे नव्हे, टपालामुळे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेल्या सहा आकडी पिनकोडचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर. कोकणचे सुपुत्र, टपाल खात्यातील ज्येष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे नाणावलेले कवी व नाटककार. संस्कृत वृत्तांत अक्षरे मोजणाऱ्या माणसाने साऱ्या देशाला सहा आकड्यांत बसवावे, यात मला काही आश्चर्य वाटत नाही. आणि यंत्रातून पैसे काढताना पिन टाकायची ती चार आकडी पद्धत ज्यांच्या नावाशी जोडली जाते, ते जॉन शेफर्ड-बॅरन जन्मले आपल्या शिलाँगमध्ये. १९६७ मध्ये लंडनजवळ एनफिल्ड येथे बार्कलेज बँकेचे त्यांचे यंत्र सुरू झाले. त्यांच्या मनात आकडे सहाच होते. पण पत्नीने सांगितले की, आपल्या लक्षात चारच राहतात, आणि निर्णय झाला.

या दोन पिनांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. टपालाचा पिन जितक्या लोकांना ठाऊक तितका चांगला. दुसरा एकालाच ठाऊक असावा. तेव्हा सहा आकडी पिन हवा म्हणून कोणी ४००००५ ठेवू नये. तो आपला पत्ता आहे, परवल नव्हे.

पत्ता निघाला, म्हणून या जागेविषयी बोलले पाहिजे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री या किनाऱ्यावर काय घडले, हे मी बाहेरून येऊन आपल्याला सांगणे हा आगाऊपणा ठरेल. आपल्यापैकी काहींनी ते डोळ्यांनी पाहिले आहे. मला त्यातील एकच क्षण महत्त्वाचा वाटतो. रबरी होडीतून, पाठीवर जड पिशव्या घेतलेले अनोळखी तरुण उतरले. पलीकडे ताज होते, रेल्वे स्थानक होते, लक्षावधी माणसांची महानगरी होती. पण ‘तुम्ही कोण? कुठून आलात?’ हा प्रश्न त्यांना विचारला तो या वस्तीतल्या माणसांनी. नीट उत्तर मिळाले नाही. पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे. पुढे जिवंत पकडलेल्या कसाबजवळ एक ओळखपत्र मिळाले. नाव समीर दिनेश चौधरी, विद्यार्थी, हैदराबादचे एक महाविद्यालय. छायाचित्र त्याचे, बाकी सगळे खोटे.

ओळख सांगणे आणि ओळख पटवणे यांत किती अंतर आहे, ते या कार्डावरून कळते. संगणकावर आपण खात्याचे नाव निवडतो, तेव्हा फक्त ओळख सांगितलेली असते. कोणीही कोणाचेही नाव निवडू शकतो. ते पटते ते पिन टाकल्यावर, कारण त्यासाठी फक्त त्याच माणसाजवळ असलेले काहीतरी दाखवावे लागते. ‘युजर’ नावाच्या, पिन नसलेल्या खात्यात ओळख सांगणेही नाही आणि पटवणेही नाही.

त्याच वर्षी, या घटनेआधी चार महिने, आपल्या परिसरात आणखी काही घडले होते. ते आता अनेकांच्या विस्मरणात गेले आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी स्फोट झाले. त्यापूर्वी काही मिनिटे वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला होता. पोलिसांनी माग काढला तो नवी मुंबईत, सानपाड्यातील एका सदनिकेपर्यंत पोहोचला. तेथे एक अमेरिकन गृहस्थ राहत होते. त्यांची चौकशी झाली, संगणक तपासासाठी नेले, जगभर नाव झाले. निष्पन्न काय झाले? त्यांच्या घरच्या वायफायला परवलीचा शब्दच नव्हता. दुसऱ्याच कोणीतरी त्या उघड्या दारातून आत शिरून ईमेल पाठवला होता. २३ ऑगस्टचा पुढचा ईमेल माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाच्या जाळ्यातून गेला. १३ सप्टेंबरच्या दिल्ली स्फोटांच्या वेळचा ईमेल चेंबूरमधील एका कंपनीच्या वायफायवरून. तीन वेळा तीच युक्ती, आणि तिन्ही ठिकाणी पोलिसांची पहिली पावले वळली ती ज्यांचा काडीचा संबंध नव्हता अशांच्या दाराकडे. पुढच्या वर्षी मुंबई पोलिसांनी शहरात उघडी वायफाय जाळी शोधण्याची मोहीम हाती घेतली. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ मध्ये दुरुस्ती झाली आणि दुसऱ्याचा परवलीचा शब्द लबाडीने वापरणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला. कलम ६६क नव्हे, ६६सी. तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाखापर्यंत दंड. ही दुरुस्ती ऑक्टोबर २००९ पासून अमलात आहे.

आपल्या किनाऱ्यावर त्यानंतर काय झाले, तेही आठवा. मच्छीमारांना बोटांचे ठसे घेऊन ओळखपत्रे देण्याची योजना आली. होडी समुद्रात नेताना नोंद करण्याची शिस्त कडक झाली. ज्यांनी त्या रात्री ‘तुम्ही कोण’ असे विचारले, त्यांनाच पुढे आयुष्यभर तो प्रश्न विचारला जाऊ लागला, अशी एक कडवट भावना मी किनाऱ्यावरच्या वस्त्यांतून ऐकली आहे. ती मला अन्याय्य वाटत नाही. तरीही प्रामाणिक माणसाच्या खिशातले ओळखपत्र गर्दीत त्याचीच बाजू घेते, हेही तितकेच खरे आहे.

आता या यंत्राकडे येऊ. यावर विंडोज अकरा आहे. यात दोन प्रकारची खाती असतात. एक प्रशासकाचे आणि दुसरे सामान्य वापराचे. हा फरक आपल्याला समजावण्यासाठी मला पुस्तकाची गरज नाही. होडीवर सगळेच विश्वासाचे असतात, पण सुकाणूवर हात तांडेलाचा. खलाशाला तेथे जाऊ देत नाहीत, याचा अर्थ त्याच्यावर संशय आहे असा होत नाही. सामान्य खात्यातून लिहिता येते, वाचता येते, अर्ज भरता येतो, गणिते सोडवता येतात. नवी आज्ञावली सर्वांसाठी बसवणे किंवा दुसऱ्याचे खाते पुसणे मात्र येत नाही. तसे काही करू गेले की यंत्र प्रशासकाची परवानगी मागते. महाजालावरून चुकून एखादा विषाणू आला, तरी त्याच्याही हाती खलाशाइतकीच सत्ता येते, तांडेलाची नाही. म्हणूनच स्वतः प्रशासकानेही रोजच्या कामासाठी सामान्य खातेच वापरावे, असा माझा आग्रह आहे.

शिवरायांच्या गडांचा कारभार आठवा. सभासदाच्या बखरीत तो आला आहे. गडावर एकट्याच्या हाती सगळे दिलेले नसे. हवालदार, सबनीस, सरनोबत असे तिघे बरोबरीचे, आणि कारभार तिघांनी मिळून करायचा. कोठारासाठी कारखानीस वेगळा. कोणी एक फितला, तरी गड जाऊ नये, ही त्यामागची दृष्टी. परंतु मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. हिशेब सबनिसाचा, पहारा सरनोबताचा, असे ठरलेले असल्यामुळे पहाऱ्यात चूक झाली तर सबनिसाच्या माथी ती मारता येत नसे. त्या १९९९ च्या रात्री आमच्या कचेरीत एवढी साधी व्यवस्था असती तर!

पिनविषयी एक गैरसमज सुशिक्षित घरांतही दिसतो. चार आकड्यांच्या दहा हजारच जुळण्या होतात. मग लांबलचक परवलीच्या शब्दापेक्षा पिन कच्चा नव्हे काय? कागदावर पाहिले तर कच्चाच. पण तो कोठे राहतो, ते पाहा. महाजालावरील खात्याचा परवलीचा शब्द चोराच्या हाती लागला, तर जगाच्या कोणत्याही टोकाला बसून तो आपले खाते उघडू शकतो. या यंत्राचा पिन याच यंत्रापुरता आहे. तो बाहेर कोठे पाठवला जात नाही. यंत्राच्या आत सुरक्षेसाठी बसवलेली एक चिप तो सांभाळते आणि वारंवार चुकीचे आकडे टाकले की दार काही काळ बंद करते. चोराला आकडेही हवेत आणि हे यंत्रही हवे. म्हणून येथला पिन लहान असून चालतो. तरीही आपण सहा आकडी ठेवू. त्याच्या दहा लाख जुळण्या होतात, आणि शेफर्ड-बॅरन यांच्या पत्नी आपल्यात नाहीत.

मात्र आकडे निवडताना डोके वापरावे. २०१२ मध्ये निक बेरी यांनी उघड झालेल्या सुमारे ३४ लाख चार आकडी परवलींची छाननी केली, तेव्हा जवळजवळ ११ टक्के लोकांनी १२३४ हेच आकडे ठेवलेले आढळले. म्हणजे नऊ-दहा माणसांत एक. त्याखेरीज जन्मसाल, लग्नाची तारीख, मोबाइलचे शेवटचे आकडे. या वस्तीत होडीचा क्रमांक आणि २६११ हेही मी बाद करीन. बँकेच्या कार्डाचा किंवा यूपीआयचा पिन येथे मुळीच वापरू नका. गर्दीच्या खोलीत तो कोणाच्या तरी नजरेस पडणारच.

बोटाचा ठसा का नको, असेही मघाशी कोणी विचारले. तशी सोय असणारी यंत्रे आहेत. पण बर्फ, खारे पाणी, दोरखंड आणि मासळी यांत ज्यांची हयात गेली, त्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजतात. ठसा जुळला नाही म्हणून परत जावे लागलेल्या मावश्या या खोलीत निश्चित असतील. आकडा झिजत नाही.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक. एकत्र कुटुंबाच्या संस्कारात वाढलेल्या आपल्या मनाला ‘प्रत्येकाचे खाते वेगळे’ हे थोडे खटकते. घरात पडदा कसला? पण आपल्या आज्या आठवा. चार सुना एका चुलीवर स्वयंपाक करीत, तरी प्रत्येकीची ट्रंक वेगळी होती आणि तिची किल्ली तिच्याच कमरेला. कोळणीचा बटवा नवरासुद्धा न विचारता उघडत नाही, हे मी आपल्याला सांगायला नको. या वेगळेपणाने कुटुंबे मोडली नाहीत. मुलांच्या बाबतीत माझे मत सांगतो. ते सर्वांना पटेल असे नाही. बारा वर्षांपर्यंत मुलाचा पिन आईला ठाऊक असावा. त्यानंतर तो विचारू नये, हवे तर वेळेची मर्यादा घालावी. मुलाला आपली किल्ली सांभाळायला दिल्याशिवाय तो सांभाळायला शिकणार कसा?

आणि पडदा पूर्ण नसतो, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. एका सामान्य खात्याला दुसऱ्याच्या फायली दिसत नाहीत, पण प्रशासकाने ठरवले तर तो त्या उघडू शकतो. म्हणून प्रशासक कोण असावा, हा खरा विचाराचा विषय आहे. ज्याला संगणक सर्वांत जास्त येतो तोच, असे समजू नका. ज्याच्याकडे लोक भांडण मिटवायला जातात, तो असावा. तांत्रिक काम दुसऱ्याने करावे, प्रशासकाचा परवलीचा शब्द मात्र त्याने स्वतः टाकावा.

मला सर्वाधिक काळजी वाटते ती अर्जांची. आज मासेमारीचा बहुतेक कारभार पडद्यावर गेला आहे. किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून मच्छीमारांनाही खुले झाले. २०२० मध्ये प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना आली. सप्टेंबर २०२४ मध्ये मच्छीमारांच्या नोंदणीचा राष्ट्रीय मंच सुरू झाला. होडीची नोंद, बँक, आधार, सगळे एकमेकांत गुंतलेले. प्रत्येक वस्तीत एक हुशार मुलगा असतो, जो सर्वांचे अर्ज भरून देतो, आणि त्याच्याजवळ एक वही असते. त्या वहीत पंचवीस घरांचे परवलीचे शब्द. अशा वह्या मी ठिकठिकाणच्या अभ्यासिकांतून पाहिल्या आहेत. मुलगा गुणी असतो, वही मात्र घातक. ब्राउझर त्याहून घातक. ‘परवलीचा शब्द लक्षात ठेवू का?’ असे तो विचारतो, आपण घाईत ‘हो’ म्हणतो, आणि पुढे त्याच खात्यात बसणाऱ्या प्रत्येकासाठी तो ते आकडे आपणहून भरून देतो. ब्राउझरमध्ये चार वेगवेगळी प्रोफाइल केली म्हणजे काम झाले, असे काहींना वाटते. ती एकाच खिशात ठेवलेली चार पाकिटे आहेत. खिसाच वेगळा हवा.

पन्नास जणांना पन्नास खाती हवीत काय? नको. नियमित येणाऱ्या मुलांना आणि सोसायटीच्या हिशेबासाठी स्वतंत्र खाती असावीत. कधीमधी येणाऱ्यांसाठी ‘अतिथी’ नावाचे एक सामान्य खाते ठेवावे. त्यात काहीही साठवायचे नाही, ब्राउझरची खासगी खिडकी उघडायची आणि उठताना ती बंद करायची. अर्जदाराने आपले आकडे स्वतःच्या हाताने टाकावेत. मदत करणाऱ्याने तेवढा वेळ हात मागे बांधून उभे राहावे. जरा वेळ लागेल. लागू द्या. उठून जाताना विंडोजची कळ आणि एल एकत्र दाबले की पडदा बंद होतो. पण काम संपले असेल तर ‘साइन आउट’च करा, कारण दहा जण आपापली खाती अर्धवट उघडी ठेवून गेले, तर अकराव्यासाठी यंत्र रांगू लागेल.

पिन विसरला तर? आधी खात्याला परवलीचा शब्द द्यावा लागतो आणि मगच पिन ठरवता येतो. तो शब्द लिहून, पाकीट चिकटवून घरी ठेवा. येथल्या कपाटात नको.

बोलण्याच्या ओघात वेळ बराच झाला. त्या लालबागच्या तरुणाचे पुढे काय झाले, असे मघाशी पुढच्या रांगेतून एका मुलीने हळूच विचारले. मला ठाऊक नाही. मी त्याचा शोध घेतला नाही, हेही आज येथे सांगून टाकतो.

‘युजर’ हे खाते आपण आता पुसणार आहोत. त्याआधी प्रशासकाचे खाते तयार होईल. सोसायटीने एकमताने ज्या मावशींचे नाव सुचवले, त्या वसुली आणि हिशेब यांत इतकी वर्षे एका पैची चूक न केलेल्या म्हणून सर्वांना परिचित आहेत. संगणकावर त्या आज पहिल्यांदाच बसत आहेत. मावशी, या, खुर्ची ओढून घ्या. आणि त्या आकडे दाबत आहेत तोवर आपण सर्वांनी कृपा करून खिडकीबाहेर, समुद्राकडे पाहावे. मुलांनो, तुम्हीसुद्धा.